आला का?

भोसरीत एका गाळ्यावर आमची लॅब, खाली पावडर कोटिंग.
तिथे मी अकरा वर्षं
गुलाबी बघण्याचा पगार घेतला.

गुलाबी म्हणजे अगदी असेल-नसेल इतकं.
पांढऱ्या टाइलवर फ्लास्क, ब्युरेटची तोटी चिमटीत,
थेंब. गिरकी. थेंब.
रंग यायचा आणि दारातूनच परत जायचा.
अर्धा मिनिट थांबला तर खरा.
राणी कलर झाला की गेलं सगळं सिंकमध्ये,
पुन्हा पहिल्यापासून.

तुंगारे सर त्यांच्या टेबलावरून हाक मारायचे,
"नलावडे, बघ गं, आला का?"
मी हातातलं टाकून जायची.
"आला, सर."
"नक्की?"
"मघाच्याच थेंबाला आला."
मग ते आकडा लिहायचे, तिरप्या घट्ट अक्षरात.
मला वाटायचं, शिकवतायत.
रोज परीक्षा, आणि रोज मी पास.

मशीन आलं ते शुक्रवारी. गुरुवारी आमच्याकडे वीज नसते.
थर्मोकोलमधून निघालं, मिक्सरहून थोडं मोठं.
त्याची ती काचेची कांडी, टोकाला फुगा,
इतका पातळ की पुसायचाही नाही, नुसता टिपायचा.
कोरडी पडू द्यायची नाही तिला,
खारट पाण्यात बुडवून ठेवायची, आवळ्यासारखी.
सकाळी आधी चार, सात, नऊची उजळणी घ्यायची,
मग दिवसभर चुकत नाही.

गॅरेजांतून जळकं तेल येतं आमच्याकडे,
पाण्याच्या बाटल्यांत, डांबरासारखं.
त्यात कसलं गुलाबी.
मशीन रंगाचं नावच काढत नाही.
घोट घोट पाजतं आणि कान लावून बसतं,
किती मिलिव्होल्ट, आता किती, आता?
शेवट जवळ आला की थेंब बारीक करतं,
अंधारात जिन्याची शेवटची पायरी
पायाने चाचपावी तसं.
स्क्रीनवर रेघ सपाट चालते, चालते,
आणि सेनापती बापट रस्त्याने येऊन
चतुःशृंगीच्या पायऱ्यांना लागावं तशी
एकदम उभी.
सगळ्यात उभ्या जागी एक फुली.

सर स्टूल ओढून बसले होते.
रेघ चढली तसे पुढे झुकले.
"आला," म्हणाले.
मला न विचारता.
"नलावडे, आला बघ!"

मग चष्मा पुसत, स्क्रीनशीच बोलल्यासारखं:
"मला तो रंग दिसत नाही गं. जन्मापासून.
सिग्नल वरचा की खालचा, त्यावरून चालवतो गाडी.
कॉलेजात पार्टनर होता, कसबेकर.
आधीच्या नोकरीत लोणकर.
मग तू."

मी मनात हिशेब मांडला,
दिवसाला वीस-पंचवीस, वर्षं अकरा.
कुठे कुठे गेले असतील ते नट-बोल्ट
ज्यांच्यावरचं जस्त माझ्या डोळ्यांनी पास केलं.
राग यायला हवा होता.
नाही आला. नुसतं मोकळं वाटलं,
आणि ते चांगलं नव्हतं.

आता सर दिवसभर तिथेच असतात.
स्वतःशीच म्हणतात, आला, आला.
मी कुरिअर बघते, बिलं बघते,
कांडीचं खारं पाणी बदलते.

परवाच्या गुरुवारी यूपीएस बसला,
आणि चाकणवरून माणूस, आत्ताच रिपोर्ट हवा.
ब्युरेट काढली माळ्यावरून. तोटीत धूळ.
सरांनी धरली, हात अजून तसाच, सावकाश.
थेंब. गिरकी. थेंब.
"आला का?"

तेव्हा दिसलं मला,
त्यांचं लक्ष फ्लास्ककडे नव्हतंच.
माझ्या चेहऱ्याकडे होतं.
बहुतेक अकरा वर्षं तिथेच असावं.

आला होता.
मी सांगायला जरासा उशीर केला.
एक थेंब जास्त गेला असेल.
रिपोर्टमध्ये आहे तो.